मीनलच्या आजारात मी काय सांगितलं

ही हकीकत मी आजवर अनेकदा सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी अर्धीच. लग्नाच्या मांडवात सांगितली, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितली. "नातीला सर्दी-खोकला झाला आणि हात लुळा पडला," एवढं ऐकलं की लोक हळहळतात, मग बोलणं अकोल्याच्या डॉक्टरांवर येतं, आणि मी ते येऊ देतो. उरलेली अर्धी हकीकत मी वर्षानुवर्षं टाळली. आता दुकान बंद करूनही बराच काळ झाला आहे. ज्यांच्या घरात एखादं लेकरू खोकतं आहे, त्यांच्यापैकी कुणाला तरी ती उपयोगी पडेल म्हणून या वेळी पूर्ण लिहितो.

घर आणि दुकान

अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं घर. बाजारात माझं बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. जागा लहान, त्यामुळे हंगामात जास्तीचा माल घरी, मधल्या खोलीत ठेवायचो. बायको आधीच गेली होती. घरात मी, मुलगा सुधाकर, सून वंदना आणि पाच वर्षांची नात मीनल. वंदना हिवरखेडची, शेतकऱ्याच्या घरातली, बोलायला सरळ. मनात एक आणि ओठांवर एक, असं तिला जमत नाही.

त्या वर्षांत वऱ्हाडात विष पिणं ही रोजची बातमी होती. माझ्या दुकानातून गेलेली बाटली कुणाच्या घरात कशी रिकामी झाली, हे मला गिऱ्हाइकांच्या तोंडून कळायचं. एकदोघांना तर मी स्वतः उचलून ऑटोत घातलं होतं. तोंडाला फेस, घरघरणारी छाती, ढिले पडलेले हातपाय. हे मी इतकं पाहिलं होतं की मला ते ओळखता येतं, असं मी समजून चाललो होतो. लोकही तसंच समजत. "काकाजी पाहताच सांगतात," असं माझ्याबद्दल बाजारात बोललं जाई आणि मला ते आवडत असे.

खोकला

कपाशीवर फवारणी जोरात चालू होती. मीनलला सर्दी झाली, मग ताप, मग खोकला. गल्लीतली बरीच पोरं शिंकत होती. कुणी फार मनावर घेतलं नाही. खोकल्याने तिची झोप मोडू लागली, तेव्हा वंदना माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मामाजी, त्या बाटल्या हलवा ना इथून. पोरगी खोकून खोकून बेजार झाली. वास किती येते!"

"वासानं काही होत नाई. मी इतकी वर्षं त्यातच बसून राह्यलो."

"तुमी बसले. लेकरू काहून बसन?"

मला राग आला. ज्या मालावर हे घर चालतं त्याला नावं ठेवते, असं काहीतरी मी बोललो. तिनेही सोडलं नाही.

"मंग मीच पोरीले घेऊन चालली जाईन कुठंतरी. राहा तुमी तुमच्या बाटल्याइसंग."

कुठंतरी म्हणजे हिवरखेडला, माहेरी. मला ते तेव्हाही समजलं होतं. सुधाकर मधे पडला, "बाबा, दिवाळीपर्यंत मालासाठी बाजारात गाळा पाहू," म्हणाला. त्यानंतर वंदना माझ्याशी बोलेना. ताट वाढून ठेवायची आणि निघून जायची. बाटल्या जागच्या हलल्या नाहीत.

ती दुपार

सकाळी मीनलचा श्वास जोरात चालू लागला. नाकपुड्या फुलत होत्या आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. हे ज्याने पाहिलं नसेल त्याने नीट लक्षात ठेवावं. लेकराची छाती अशी आत जाऊ लागली की घरी थांबायचं नाही. आम्ही गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तोंडाला मास्क लावून वाफ दिली, थोडं बरं वाटलं, आम्ही घरी आलो. वाढलं तर मोठ्या दवाखान्यात न्या, असं त्यांनी बजावलं होतं.

दुपारी वंदनाने तिला दूध पाजलं. दूध नाकातून बाहेर आलं. मग तोंडातून लाळ गळू लागली, ती गिळेना. वंदनाने तिला उचललं तर डावा हात ओल्या फडक्यासारखा खाली लोंबला. "मामाजी!" अशी ती ओरडली. इतक्या दिवसांत माझ्याशी बोललेला तो तिचा पहिला शब्द.

मी मधल्या खोलीच्या दारात उभा होतो. समोर लाळ गळणारं, घरघरणारं, ढिलं पडलेलं लेकरू आणि मागे माझ्या बाटल्या. माझ्या डोक्यात एकच शब्द आला आणि तो मग निघालाच नाही.

दवाखान्यात तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी छाती तपासली, डोळ्यांत बॅटरी मारली, काय झालं म्हणून विचारलं. वंदना सांगू लागली, "सर्दी होती मॅडम, ताप होता, दूध पाजलं तं नाकातून..."

मी तिला मधेच थांबवून केसपेपर काढायला बाहेर पाठवलं आणि ती गेल्यावर म्हणालो, "विष आहे. फवारणीचं."

डॉक्टरबाईंनी पुन्हा मीनलचे डोळे पाहिले.

"बाबा, या विषात डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, हिच्या तशा दिसत नाहीत. अंगात तापही आहे. तुम्ही पाहिलं का तिला पिताना?"

"पाहाले कशाले पाहिजे? मी तेच विकतो मॅडम. मले नका शिकवू. उशीर होऊन राह्यला."

त्या क्षणभर थांबल्या. तो क्षणभराचा थांबा मला आजही आठवतो. त्या आठवड्यात त्या वॉर्डात विष घेतलेलेच रोगी जास्त होते, आणि समोर औषधविक्रेता आजोबा छातीठोकपणे सांगत होता. त्यांनी नळी मागवली. नाकातून पोटात नळी घालून पोट धुवायला घेतलं. मीनलला प्रतिकार करण्याचीही ताकद नव्हती. पाणी तोंडात उलटून आलं, तिला ते गिळता येईना की थुंकता येईना, आणि ती माझ्यादेखत निळी पडली. डॉक्टरबाईंनी घाईघाईने नळी काढली, घशातलं पाणी खेचून काढलं आणि रबरी फुगा हातात घेऊन तिला श्वास देऊ लागल्या.

पायऱ्या

विषाची केस म्हटली की पोलिसांना कळवावं लागतं. दवाखान्यातल्या चौकीतून हवालदार आला. विषाच्या केसमध्ये चौकशी होईपर्यंत आई जवळ नको, असं सिस्टरला कुणीतरी सांगितलं आणि वंदनाला वॉर्डाबाहेर जिन्याच्या पायऱ्यांवर बसवलं. तोंडावरचा फुगा जरा बाजूला झाला की आतून मीनलचा आवाज येत होता, घोगरा, नाकातून निघणारा. "आई पाहिजे," एवढंच ती म्हणत होती. तो आवाज दारापलीकडे वंदनाला ऐकू येत होता आणि तिला आत यायची मुभा नव्हती.

हवालदाराने मला बाजूला घेतलं. माणूस थकलेला होता, रागावलेला नव्हता.

"घरात काही भांडणतंटा, काका?"

इथपर्यंतची चूक कुणाकडूनही झाली असती, असं मी स्वतःला समजावू शकतो. पुढची नाही. माझ्या घरातल्या, मी ठेवलेल्या, हलवायला नकार दिलेल्या बाटलीतून नातीच्या पोटात विष गेलं असेल तर दोष कुणाचा, हे मला कळत होतं. तो दोष अंगावर यायच्या आधी मी तो दुसरीकडे सारला. मी म्हणालो, सून दोन-चार दिवसांपासून बोलत नव्हती. भांडण झालं होतं. पोरीले घेऊन कुठंतरी चालली जाईन, असं म्हणे.

"कुठंतरी म्हणजे?" त्याने विचारलं.

"ते मी काय सांगू?" मी म्हणालो.

त्या काळात लेकराला आधी पाजून मग स्वतः पिणाऱ्या बायांच्या बातम्या येत. हवालदाराला पुढचं विचारण्याची गरज पडली नाही. त्याने पायऱ्यांकडे पाहिलं. वंदना खालून आमच्याकडेच पाहत होती. तिला काही ऐकू येत नव्हतं, फक्त मी हात हलवून बोलताना दिसत होतो.

थोड्या वेळाने सुधाकर घरून आला. त्याला मी बाटल्या पाहायला पाठवलं होतं. धापा टाकत म्हणाला, "बाबा, सगळ्या सीलबंद आहेत. एकही फुटली नाई, एकही कमी नाई. फरशीवर थेंब नाई."

"नीट पाह्यलं?"

"दोनदा पाह्यलं. डॉक्टरले सांगा."

मी हो म्हणालो आणि कुणालाच सांगितलं नाही. हवालदाराला दिलेला जबाब परत घ्यायचा म्हणजे सुनेवर खोटं बालंट आणलं हे सगळ्यांसमोर कबूल करायचं. माझे पाय वॉर्डाच्या दारापर्यंत गेले आणि तिथून परत आले. वंदना पायऱ्यांवरच राहिली.

अमरावती

श्वासाचं मशीन अकोल्यात मोकळं नव्हतं. डॉक्टरबाईंनीच फोन करून अमरावतीच्या एका मुलांच्या दवाखान्यात जागा मिळवली. अँब्युलन्समध्ये एक नर्स मूर्तिजापूर, बडनेरा असं सगळा रस्ता फुगा दाबत आली. वंदनाला बरोबर येऊ देताना हवालदार तिला एवढंच म्हणाला, "कागदपत्रं चालू आहेत. डॉक्टरांचं म्हणणं विषाचं आहे." मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. काच उघडी होती. मी ऐकलं.

अमरावतीचे डॉक्टर वयस्क, कमी बोलणारे. त्यांनी आधी मशीन लावलं, मग आम्हा तिघांना बोलावलं. मी तोंड उघडलं तसं त्यांनी हात वर केला.

"आईला बोलू द्या. पहिल्यापासून सांगा, बाई. तुम्ही काय पाहिलं तेवढंच."

वंदनाने सांगितलं. गल्लीतली सर्दी, ताप, खोकला, ओढली जाणारी छाती, नाकातून आलेलं दूध, लोंबलेला हात. एका ओळीत, न रडता. ते सगळं तिला अकोल्यातही सांगता आलं असतं. डॉक्टरांनी छोट्या हातोडीने मीनलच्या गुडघ्यावर टकटक केलं, पाय उडाला. डाव्या कोपरावर केलं, काहीच हललं नाही.

"विष कुणी सांगितलं?"

वंदना म्हणाली, "अकोल्याच्या डॉक्टरीणनं."

मी तिथेच उभा होतो, मीनलच्या कपड्यांची पिशवी हातात धरून. एक वाक्य बोलायचं होतं. बोललो नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात ती डॉक्टरबाईच दोषी आहे.

"हे विष नाही," डॉक्टर म्हणाले. "विषाणू आहे असं वाटतं. आणि पोटात नळी घालायला नको होती. तिला गिळता येत नव्हतं, पाणी छातीत गेलंय. आता न्युमोनियाशीही झगडावं लागेल."

अचानक लुळं पडलेलं मूल सापडलं की सरकारी दवाखान्याला कळवावं लागतं. बर्फाचा डबा घेऊन माणूस आला, मीनलच्या शौचाचा नमुना घेऊन गेला, पुन्हा येऊन दुसरा नेला. पोलिओ हा शब्द कानावर पडला तशी वंदना तडकली, "सगळे डोज देल्ले मी. एक चुकवला नाई." डॉक्टरांनी तिला शांत केलं. तपासणं भाग आहे, म्हणाले.

रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी आमच्या भाषेत समजावलं. "पोलिओ नाही. पण त्याच भावकीतला. एन्टेरोव्हायरस म्हणतात. याच्यात बरेच प्रकार असतात. बहुतेक पोरांना नुसती सर्दी करून जातो. काहींना धाप लावतो. अगदी थोड्यांच्या मज्जारज्जूपर्यंत पोचतो. तुमच्या नशिबी ते आलं."

"औषध?" सुधाकरने विचारलं.

"याच्यावर नेमकं औषध नाही. श्वास सांभाळायचा, वाट पाहायची, मग व्यायाम. घरात कुणी चुकलं म्हणून हे होत नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी वंदनाकडे पाहून म्हटलं. ती तेव्हा प्रथम रडली.

मशीनचे दिवस

ज्यांनी आपलं लेकरू मशीनवर पाहिलं आहे त्यांना मी वेगळं काय सांगणार? मशीनचा आवाज चालू असला की तो नको वाटतो आणि क्षणभर बदलला की जीव जातो. नर्स घशातला कफ ओढायची तेव्हा मीनलचे डोळे भरून यायचे, पण रडण्याचा आवाज निघायचा नाही, कारण नळी घशात होती. बिनआवाजाचं रडणं मी तोवर पाहिलं नव्हतं. आईला दिवसातून थोडाच वेळ आत सोडत. वंदना त्या वेळात तिचा लुळा हात हातात घेऊन बोटं मोजायची आणि एकेका बोटाला गल्लीतल्या पोरांची नावं द्यायची.

बाहेर बाकावर शमीमआपा असायच्या, परतवाड्याच्या. त्यांचा नातू न्युमोनियाने आत होता. त्यांनीच वंदनाला पहिला घास भरवला. "खा ले बेटी. तू गिरेगी तो बच्ची किसको देखेगी?" मला त्या चिडवायच्या, "चच्चा, तुम तो ऐसे खडे रहते जैसे दुकान का शटर. कभी बैठो भी." वंदना त्या दिवसांत त्यावर एकदा हसली होती. मग एके दिवशी शमीमआपा तिला म्हणाल्या, "किस्मतवाली है तू. ऐसा ससुर कहाँ मिलता? हिलता नहीं दरवाजे से." वंदनाने मान हलवली. मी पाणी आणायचं निमित्त करून खाली गेलो आणि ऑटो स्टँडवर बराच वेळ उभा राहिलो.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पोलिसांचं प्रकरण मिटलं. सुधाकर ती घेऊन अकोल्याला गेला होता. कोण काय बोललं होतं, हे तिथे कुणी काढलं नाही.

न्युमोनिया उतरला. मशीन निघालं. मीनल पहिले दोन दिवस नुसती पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी मला बघून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आबाजी, तुमची दाढी पांढरी हाय." घरी मी रोज दाढी करायचो, तिने ती कधी पाहिलीच नव्हती. आम्ही सगळे इतके हसलो की नर्स रागावली.

त्यानंतर

गिळणं सुधारलं, श्वास सुधारला, हात अर्धाच परतला. खांदा अजून बारीक आहे, हात खांद्याच्या वर जात नाही. व्यायामासाठी वंदना तिला घेऊन अमरावतीलाच राहिली, सुधाकर शनिवार-रविवारी जायचा. घर असं दोन गावांत वाटलं गेलं आणि तसंच राहिलं. मीनल आता कॉलेजात आहे, एका हाताने वेणी घालते, स्कूटी मात्र आई चालवू देत नाही म्हणून तिच्याशी भांडते. बाटल्या मी त्याच महिन्यात घरातून काढल्या. पुढे दुकानही बंद केलं.

माझ्यासारख्या घरांना एकच सांगणं आहे. दवाखान्यात डॉक्टरला तुम्ही जे पाहिलं ते सांगा, तुम्हाला जे वाटलं ते नका सांगू. आणि लेकराजवळ जी सारखी असते तिला आधी बोलू द्या. मी तिला बोलू दिलं असतं तर मीनलच्या नाकात ती नळी गेली नसती. हात वाचला असता की नाही, ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत. छाती वाचली असती, आणि वंदना लेकराजवळ असती.

त्या डॉक्टरबाईंना मी पुन्हा भेटलो नाही. त्यांनी विचारलं होतं, "तुम्ही पाहिलं का?" त्यांचा प्रश्न बरोबर होता. आमच्या सगळ्या नात्यागोत्यात त्यांची बदनामी झाली आणि ती मी होऊ दिली.

मागच्या हिवाळ्यात मी ठरवून अमरावतीला गेलो. वंदना ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. मी समोर बसलो, दोन शेंगा हातात घेतल्या.

"वंदना, एक बोलायचं होतं. अकोल्याच्या दवाखान्यातलं."

"बोला ना मामाजी." मग मी शब्द जुळवतोय तोवर तीच बोलू लागली. "मी तं मीनलले नेहमी सांगतो. ते डॉक्टरीण काही म्हणो, पन तुहे आबाजी पोलिसापुढं उभे राह्यले माह्यासाठी. पायऱ्यावरून दिसे मले. किती हात हलवू हलवू सांगत होते त्याले. तुमी नसते तं मले नेलंच असतं त्याईनं त्या दिवशी."

तिने शेंगांनी भरलेलं सूप माझ्याकडे सरकवलं आणि विचारलं, "तुमी काय बोलनार होते?"

"काही नाई," मी म्हणालो. "तूर चांगली भरली यंदा."

संध्याकाळच्या एसटीने परत आलो. बडनेऱ्यापासून घरापर्यंत मनात जे घोकत आलो, ते इथे लिहितो. वंदना, विष हाय हे मीच म्हनलो होतो आन् त्या हवालदाराले तुह्यं नावबी मीच सांगतलं. डॉक्टरीणनं नाई. बाटल्या सीलबंद आहेत हे समजल्यावरबी मी गप राह्यलो. तुले पायऱ्यावर मी बसवलं. तुही पोरगी आतून तुले हाका मारून राह्यली होती आन् मी दारात उभा होतो. माफ कर, बाई.